खातं कुणाच्या नावावर?

(नारायणगाव येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर आजवर कवी बोलले, इतिहासाचे अभ्यासक बोलले, एकदा एक निवृत्त न्यायाधीशही बोलून गेले. यंदा संयोजकांनी करसल्लागाराला बोलावलंय. म्हणजे एक तर मानधनाची तरतूद कमी पडली असावी, नाही तर यांना माझ्याकडून कुणाचं तरी रिटर्न फुकटात भरून घ्यायचं असावं. मी विषय विचारला, तर म्हणाले, "तुमच्याकडे ती रीलवाली पोरं येतात ना, त्यांच्या पैशांबद्दल बोला. लोकांना ते कळतच नाही."

ज्यांच्या स्मृतीत ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी आम्हाला सातवी-आठवीला अंकगणित शिकवलं. नफा-तोट्याचं गणित बरोबर आलं तरी ते पाटीवर खूण करायचे नाहीत. विचारायचे, "उत्तर आलं. आता सांग, पैसे निघाले कुणाच्या खिशातून आणि पडले कुणाच्या खात्यावर?" बारा-तेरा वर्षांच्या पोराला काय सांगता येणार? तो मुकाट्याने खाली बसायचा. आज धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर समोर कुठलाही कागद आला की मी पहिल्यांदा तेच बघतो.

माझे वडील इथल्या तमाशा फडांच्या वह्या लिहायचे. होळी झाली की नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात, जत्रेच्या तारखा ठरतात, सुपारी ठरते. हे तुम्हाला मी सांगायला नको. वडिलांच्या वहीत चार तऱ्हेचा पैसा असायचा. जत्रेची सुपारी, म्हणजे गावाने एकरकमी कबूल केलेला पैसा. कनातीचा गल्ला, म्हणजे तिकिटाचा. दौलतजादा, म्हणजे खूश झालेल्या माणसाने तिथल्या तिथे उधळलेला. आणि चौथी उचल, जी खरं तर कमाई नव्हेच. ते पुढच्या हंगामाच्या नावावर आज घेतलेलं कर्ज. कलावंत दसऱ्याला घराबाहेर पडायचा तेव्हा त्याच्या नावावर उचल असायची, आणि बुद्ध पौर्णिमेला परतायचा तेव्हा बहुतेकदा थोडी उरलेलीही असायची.

याच गावच्या तमाशा कलावंत विठाबाईंना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. २००२ साली त्या गेल्या. त्यांची शेवटची वर्षं कशी गेली, हे इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. नाव महाराष्ट्रभर झालं म्हणून पैसा घरात येतो असं नाही, हे या गावाने जवळून पाहिलेलं आहे. म्हणून हा विषय पुण्या-मुंबईपेक्षा इथे बोलावा असं मला वाटलं.

तर माझ्या ऑफिसात मुलं येतात. बरोबर बाप असतो. बाप खुर्चीच्या कडेवर बसतो आणि पोराच्या देखत मला विचारतो, "साहेब, हा दिवसभर मोबाईलपुढं नाचतो. यातून खरंच पैसं मिळत्यात का?" पोरगा हमखास सूरज चव्हाणचं नाव काढतो. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा गरीब घरचा मुलगा, टिकटॉकवर लोकांनी डोक्यावर घेतला आणि २०२४ च्या ऑक्टोबरात बिग बॉस मराठी जिंकला. खरं आहे. पण लॉटरीच्या दुकानात बक्षीस लागलेल्याचाच फोटो लावलेला असतो. ज्याला लागलं नाही त्याचा फोटो कोण लावेल? माझ्या फायली त्या दुसऱ्यांच्या आहेत.

आता गणित. यूट्यूबचे शॉर्ट्स आधी घेतो, कारण तिथे निदान वाट्याचा नियम लिहिलेला आहे. २०२१ मध्ये त्यांनी १० कोटी डॉलरचा एक निधी जाहीर केला होता. कुणाला किती हे तेच ठरवायचे. १ फेब्रुवारी २०२३ पासून निधी गेला आणि जाहिरातीतला वाटा सुरू झाला. शॉर्ट्स बघताना दोन व्हिडिओंच्या मध्ये जाहिरात येते. ती अमुक एका व्हिडिओची नसते, म्हणून सगळा पैसा एका खळ्यावर जमा होतो आणि व्ह्यूजच्या प्रमाणात मोजला जातो. व्हिडिओत एक गाणं असेल, तर त्या व्ह्यूजच्या पैशातला अर्धा हिस्सा गाण्याकडे जातो. दोन गाणी असतील तर दोन तृतीयांश जातो. उरलेलं बनवणाऱ्यांचं खळं. त्यातून तुमच्या व्ह्यूजप्रमाणे जो ढीग पडेल, त्यातले ४५ टक्के तुमचे.

पाटीवर मांडू. समजा १०० रुपये जमले आणि प्रत्येकाने एकेक गाणं लावलंय. ५० गाण्याचे. राहिलेल्या ५० मधले ४५ टक्के, म्हणजे साडेबावीस रुपये, आणि तेही सगळ्या बनवणाऱ्यांत मिळून. लांब व्हिडिओवर बनवणाऱ्याला ५५ टक्के मिळतात. तोच माणूस, तोच मोबाईल, आणि मिनिटं कमी केली की वाटाही कमी.

इथे एक बारकी गोष्ट आहे, ती ऊसवाल्यांना पटकन कळेल. एखादा म्हणेल, मी गाणं लावतच नाही, स्वतःच्या आवाजात बोलतो, मग माझे पूर्ण राहतील. नाही राहत. गाण्याची कपात खळ्यावरच होते, आणि मग मापं पडतात. तुम्ही कितीही गोड ऊस घाला, दर निघतो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. शेजाऱ्याचा पाचट ऊस आणि तुमचा कसदार ऊस एकाच काट्यावर.

आणि खळ्यावर पाय ठेवण्याआधी उंबरठा आहे. १००० सबस्क्राइबर, शिवाय ९० दिवसांत १ कोटी शॉर्ट्स व्ह्यूज, नाही तर लांब व्हिडिओंचे वर्षात ४००० तास. त्या आधीच्या व्ह्यूजचा जाहिरातीतला वाटा मागाहून मिळत नाही. त्यातही मार्च २०२५ च्या अखेरीपासून व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी आकडा एकाने वाढतो. पैशाचा हिशोब मात्र माणूस खरंच थांबून बघतो त्या व्ह्यूजवरच होतो. पोरगा बापाला दाखवतो तो आकडा वेगळा आणि मला दाखवायला हवा तो आकडा वेगळा.

मग हातात येतं किती? जगाचा दर मी सांगणार नाही. माझ्या टेबलावर जे येतं तेवढंच सांगतो. मराठीत बोलणारा, मराठी प्रेक्षक असलेला मुलगा, शॉर्ट्सवर दहा लाख व्ह्यूज, आणि पैसे हजार-दीड हजार रुपये, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता आकडा बघून भुवई वर जात नाही. या हिशोबाने उंबरठा ओलांडायला लागणारे १ कोटी व्ह्यूज म्हणजे दहा-पंधरा हजारांचं काम झालं, आणि तेवढं काम तो फुकट करून आत येतो.

आपल्याकडे याला शब्द आहे. अर्धेली. जमीन मालकाची, कष्ट वाटेकऱ्याचे, पीक निम्मं निम्मं. फरक इतकाच की इथे निम्म्याहूनही कमी, आणि बी-बियाणं, खत, मजुरी, म्हणजे मोबाईल, रिंगलाइट, कपडे, पेट्रोल, सगळं वाटेकऱ्याचं. मालकाचं काहीच नाही असं मी म्हणत नाही. एवढा प्रेक्षक त्याने जमवलाय, जाहिराती तो आणतो, हिशोब तो पाठवतो, आणि खरं सांगायचं तर आमच्या काही फडमालकांपेक्षा हिशोब चोख असतो. पण बांध कुठे टाकायचा हे तो ठरवतो. नियम बदलला की ई-मेल येतो, आणि तोही इंग्रजीत.

शॉर्ट्सवाले निदान वाटा तरी देतात. इन्स्टाग्रामवर आपल्या मुलांना रीलच्या जाहिरातींचा असा नियमित वाटा मिळालेला मी पाहिलेला नाही. मध्ये काहींना बोनस आला, बंद झाला. तिथली कमाई म्हणजे सुपारी.

सुपारीकडे वळण्याआधी पोस्टमनची गोष्ट सांगतो, कारण माझ्या सगळ्या फायलींत मला ती आवडते. यूट्यूबचे पैसे गुगलच्या ॲडसेन्स खात्यातून येतात. त्या खात्यात १० डॉलर झाले की पत्ता खरा आहे का हे तपासायला ते एक पिन पाठवतात. मेसेजने नाही, ओटीपीने नाही. साध्या टपालाने, कागदावर छापून. चार महिन्यांत तो आकडा भरला नाही तर व्हिडिओवरच्या जाहिराती थांबतात. आता पत्ता काय, तर मुक्काम अमुक, पोस्ट तमुक, मारुती मंदिराच्या मागे. एका वाडीवरचा मुलगा रोज पोस्टात जाऊन बसायचा. पोस्टमनने शेवटी तो कागद आणला तेव्हा त्याच्या आईने देवापुढे ठेवला. तोपर्यंत घरात कुणाचा विश्वासच नव्हता. व्ह्यूज कुणी मानले नाहीत, कागद मानला.

पुढे १०० डॉलर पुरे झाले की महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान पैसे निघतात. आणि त्याआधी एक अमेरिकेचा कर-फॉर्म भरावा लागतो. जुन्नर तालुक्यातला माणूस, अमेरिका फक्त सिनेमात पाहिलेली, आणि मी त्याच्याकडून लिहून घेतोय की तो अमेरिकेचा नागरिक नाही. हसू नका. तो फॉर्म न भरल्यास ते एकूण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतात. भरला, तर भारताशी असलेल्या करारामुळे फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकाकडून आलेल्या रकमेवर १५ टक्के. आपल्याकडे ती रक्कम चहापाण्याची असते. न्यू जर्सीतली एखादी मावशी बघत असेल तेवढीच.

आता सुपारी. इथे खरा पैसा आहे. साडीचं दुकान, नवं मिसळ हाउस, ट्रॅक्टरचं शोरूम, एनए प्लॉटिंग, दहीहंडी, नेत्याचा वाढदिवस. प्रोफाइलवर लिहिलेलं असतं, पेड प्रमोशनसाठी मेसेज करा. शॉर्ट्सने ज्याला महिन्याला दोन हजार मिळतात, त्याच मुलाला फीत कापण्याच्या कार्यक्रमाला उभं राहायचे आठ हजार मिळतात. मग व्हिडिओ कशाला करायचे? तर ते राहुटीबाहेरचा बोर्ड असतात. बोर्ड पुसट झाला की सुपारी येत नाही. म्हणून रोज एक रील, आजारी असला तरी. गावात मयत झालं तरी संध्याकाळी रील पडतं, हे मी नाव न घेता सांगतो.

या पैशातला बराचसा वस्तूत येतो. त्याला बार्टर म्हणतात. फोन घ्या, व्हिडिओ करा. १ जुलै २०२२ पासून एका देणाऱ्याकडून वर्षात २०,००० रुपयांवर वस्तू किंवा लाभ मिळाला, तर त्यावर १० टक्के कर आधी कापला पाहिजे, असा नियम आला. व्हिडिओ करून वस्तू परत दिली तर तो लाभ धरत नाहीत. ठेवून घेतली तर धरतात. आमचा एक कलाकार मला म्हणाला, "साहेब, फ्रिज दिलाय, पैसं कुठं दिल्यात?" मी त्याला म्हणालो, सरकारच्या लेखी तुझ्या घरात पैसेच थंड होताहेत. अजून रागात आहे तो.

सरकारने आता या धंद्याला नावही दिलंय. २०२५ च्या विवरणपत्रांत समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांसाठी व्यवसायाचा वेगळा कोड आला, १६०२१. पूर्वी आम्ही यांना 'इतर' मध्ये कोंबायचो. पोरांना त्याचा अभिमान वाटतो. मला वाटतं, कोड मिळाला म्हणजे आता नोटीसही पत्त्यावर येईल.

एका सुपारीबद्दल मात्र मी सभेत स्पष्ट बोलतो. काही वर्षं सगळ्यांत जास्त पैसे पत्त्यांच्या आणि सट्ट्याच्या ॲपवाल्यांनी दिले. ज्याला पाच हजारांची सुपारी मिळत नव्हती, त्याला त्यांनी पन्नास हजार मोजले. एवढे का मोजतात, हे विचारायला गुरुजी नव्हते. तुमच्या रीलखाली 'दादा लय भारी' लिहिणारं जे सतरा-अठरा वर्षांचं पोर आहे, ते पैसे त्याच्या खिशातून येणार होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात करणाऱ्यालाही त्यात २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायदा झाला नसता तरी माझं मत हेच होतं. तो पैसा घेणाऱ्याचं रिटर्न मी भरलं, पण चहा पाजला नाही.

साध्या सुपारीतही एक खोट आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने सांगितलं की पैसे किंवा वस्तू घेऊन शिफारस केली असेल तर तसं ठळक सांगा, आणि जाहिरात ज्या भाषेत आहे त्याच भाषेत सांगा. मराठी रीलवर 'ही जाहिरात आहे' अशा तीन शब्दांना किती जागा लागते? पण ते कोपऱ्यात, इंग्रजीत, बारीक लिहिलेलं असतं. तमाशात तरी सोंगाड्या मध्येच थांबून, अमुक पाटलांनी इतके रुपये दिले म्हणून पुकारायचा.

२९ जून २०२० च्या रात्रीचा विषय या मुलांत अजून निघतो. गलवानच्या चकमकीनंतर सरकारने ५९ ॲप बंद केली, त्यात टिकटॉक होतं. देशाच्या सुरक्षेचा निर्णय बरोबर की चूक, हे सांगायचा माझा अधिकार नाही. पण ज्याचे दहा-वीस लाख चाहते होते त्याच्याकडे सकाळी एकाचाही फोन नंबर नव्हता. थोड्याच दिवसांत रील्स आलं, सप्टेंबरात शॉर्ट्स आलं, आपल्याकडची मोज, जोश, टकाटक आली. काही जण तिकडे नव्याने उभे राहिले, बरेच राहिलेच नाहीत. धरणात गाव गेलेल्या माणसाला निदान पुनर्वसनाचा अर्ज करता येतो.

जमीन बुडाली नाही, तरी ती दुसऱ्याच्या हातात जाऊ शकते. नगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, 'आपली आजी' म्हणून तुम्ही त्यांना ओळखता. नातवाने चॅनल उभं केलं, आजींच्या हाताच्या चवीने ते चाललं, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये एके दिवशी ते हॅक झालं. काही दिवसांनी परत मिळालं म्हणून बरं. माझ्याकडच्या एका मुलाचं मिळालं नाही. त्याने पासवर्ड एका 'मॅनेजर'ला दिला होता. कुठला, कुणाचा, ते मी सांगत नाही. चार वर्षांचं काम, आणि पोलिसांत तक्रार लिहिताना प्रश्न असा पडला की चोरीला नेमकं गेलं काय, आणि ते याचं होतं याला पुरावा काय.

१९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर आलं. या शेतात तसा दिवस लवकर येईल असं मला दिसत नाही. म्हणून मी मुलांना सांगतो, प्रेक्षकांचे नंबर वहीत लिही, मूळ व्हिडिओ स्वतःच्या हार्डडिस्कवर ठेव, सुपारीचा करार कागदावर घे. ऐकतात, मान हलवतात, आणि जाताना माझ्याबरोबर सेल्फी घेतात.

आता मला जे खरं बोलायचंय ते. इतका वेळ मी मालक अमेरिकेत आहे असं धरून बोललो. माझ्या फायलींत एक मालक घरातही आहे.

आपल्या भागात चांगली चाललेली बरीच चॅनल बायकांच्या जिवावर आहेत. चुलीवरचा स्वयंपाक, सासू-सुनेची नोकझोक, उखाणे, शेतातलं काम करता करता म्हटलेलं गाणं. चेहरा तिचा, आवाज तिचा, शब्द तिचे. ॲडसेन्सचं खातं नवऱ्याच्या नावावर, दिराच्या नावावर, एका ठिकाणी तर सासऱ्यांच्या. पिनचा कागद त्याच्या नावाने येतो, पैसे त्याच्या खात्यात पडतात, रिटर्न त्याचं. कर्ज काढायला बँकेत तेच रिटर्न लागतं, तेव्हा उत्पन्न असलेला माणूस तो ठरतो, आणि तिच्या नावापुढे गृहिणी. कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. फोन त्याच्या नावावर होता, पॅन कार्ड त्याचंच होतं, म्हणून तसं झालं. पण झालं. बायकांच्या नावावर जमीन नसते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं. ही जमीन तर काल-परवा, आपल्या डोळ्यांदेखत, तिने स्वतः उभी केली, आणि तीही पहिल्याच दिवशी दुसऱ्याच्या नावावर चढली.

मागच्या पावसाळ्यात एक बाई एकट्याच आल्या. डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक. म्हणाल्या, "भाऊ, मला काही भांडायचं नाही. मला फक्त माझ्या नावावर करायचंय." मी समजावलं, चॅनलला दुसरं ॲडसेन्स खातं जोडता येतं, पण पिन पुन्हा टपालाने येईल, वेळ जाईल, तोवर पैसे अडकतील. म्हणाल्या, "अडकू द्या." पॅन काढलं, बँकेत स्वतंत्र खातं उघडलं, फॉर्मवर सही मराठीत केली. घरी काय बोलणं झालं, ते मी विचारलं नाही. दीड महिन्याने पोस्टमन कागद घेऊन आला. तो त्यांच्या नावाचा होता, म्हणून त्याने तो त्यांच्याच हातात दिला.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरांत चॅनल आहे. आज घरी गेल्यावर फोन उघडा आणि पैसे कुणाच्या नावाने येतात तेवढं बघा. बदलायचं असेल तर माझं ऑफिस सकाळी दहाला उघडतं, या कामाची फी मी घेत नाही. येताना पॅन कार्ड आणा, पासबुक आणा, आणि रीलमध्ये जिचा चेहरा आहे तिलाही बरोबर आणा.